वरून किती, खालून किती

ताडकळसच्या शाळेत मी रुजू व्हायला गेलो, त्या दिवशी नाव-गाव विचारायच्या आधीच एका उंच, सडपातळ माणसानं मला विचारलं, "किती लागले?"

मला काही कळलं नाही.  बाकीचे शिक्षक हसू दाबत होते.

"घरापासून हितवर," ते म्हणाले. "दारातून दारात. किती तास लागले?"

मी कोल्हापूरकडचा. बारा तास, असं मी सांगून टाकलं. एसटीच्या वेळा बघून आदल्या आठवड्यात मी तेवढेच धरले होते. त्यांनी मान हलवली आणि टेबलाला दोन्ही हात टेकवून उभ्याउभ्याच माझी उलटतपासणी सुरू केली. घराला कुलूप कधी लावलं? गावातून गाडी कधी मिळाली? सोलापूरच्या स्टँडवर किती वेळ बसलात? लातूरला? परभणीत ताडकळसची गाडी लागेपर्यंत काय केलंत? मी आठवून आठवून सांगत गेलो आणि ते बोटाची पेरं मोजत गेले. शेवटी म्हणाले, "एकोणीस झाले सर. तुमी बारा म्हणायलात. मधले सात कुठं ठिवून आलात?"

हे आमचे भूगोलाचे सर. गावात त्यांना माघारी 'कितीलागले' म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. पुढची चार वर्षं मी त्यांच्याच घरातल्या मागच्या खोलीत राहिलो. एवढ्या काळात ते सलग पंधरा मिनिटं एका जागी बसल्याचं मला आठवत नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. शिक्षकांच्या खोलीत त्यांची म्हणून एक खुर्ची होती, तिच्यावर सगळे आपापले डबे ठेवत. वर्गात ते दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत चालत शिकवत, आणि पोरांच्या माना त्यांच्याबरोबर फिरत. घरी जेवायला बसले तरी चार घास झाले की उठून दारात जात, रस्ता बघून येत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, ताटावर झाकण ठेवत.

"कोणी यायचं आहे का?" असं मी सुरुवातीला एकदा विचारलं होतं.

"कोणी न्हाई," काकू म्हणाल्या. "सवय हाय त्यांची."

त्यांचे वडील मेंढ्या राखायचे. घराण्यात शाळेत गेलेले हे पहिलेच. पाऊस सरला की वडील कळप घेऊन गोदावरीच्या काठाकाठानं निघत, ते महिनोन्‌महिने परतत नसत. त्या घरात अंतर कधी किलोमीटरमध्ये मोजलंच गेलं नाही. अमुक गाव तीन मुक्कामांवर, तमुक सात. "बाप मोजायचा तेच खरं होतं," सर म्हणत. "मेंढी लंगडी झाली, पाणी दूर पडलं, वाटंत कोकरू झालं, सगळं त्याच्या मुक्कामात धरलेलं असायचं."

वर्गात नकाशा लावला की ते खिशातून लोकरीचा काळा धागा काढत. कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर ते पोरांना दोनदा मोजायला लावत. एकदा पट्टी ठेवून सरळ, आणि एकदा रस्त्याच्या वळणांवरून धागा फिरवून. पट्टीचं ते 'वरून', धाग्याचं ते 'खालून'. हैदराबाद वरून किती? खालून किती? मुंबई वरून किती, खालून किती? मग फळ्यावर तिसरी ओळ यायची, तासांची, आणि खरी मारामारी तिथं सुरू व्हायची. एखादा पोरगा म्हणायचा, हैदराबाद विमानानं एक तास. सर त्याला उभं करत आणि आपल्यासारखंच चालायला लावत. परभणीला विमान आहे का? नाही. मग नांदेडपर्यंत कशानं जाशील? तिथं किती वेळ आधी पोचायला लागतं? उतरल्यावर पेटी कधी मिळते? तिथलं विमानतळ गावापासून केवढं लांब आहे? पोरगा चालून आणि बेरीज करून दमला की सर त्याला बसवत. "किलोमीटर जमिनीचं असतंय," ते म्हणत. "तास माणसाचा असतोय. इचारणारा माणूस हाय, त्याला तास सांगा."

पोरांनी त्यांना मोबाईलवरचा नकाशा दाखवला होता. त्यातली बाई सांगते, ताडकळस ते परभणी पस्तीस मिनिटं. सरांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि मोबाईल परत दिला. "चांगली बाई हाय," म्हणाले. "फक्त तिला आपला बाजार कोणत्या वारी असतो ते माहीत न्हाई."

माझं आणि त्यांचं पहिलं भांडण असंच झालं. मी नववीला काळ आणि वेगाची गणितं शिकवत होतो. एका गावाहून एक गाडी ताशी साठ किलोमीटर वेगानं निघाली, असं फळ्यावर लिहिलं, तेवढ्यात सर व्हरांड्यातून चालले होते ते दारात थांबले. त्यांनी विचारलं, ती गाडी मधे कुठं थांबत नाही का. मी म्हटलं, नाही. पंक्चर होत नाही का? नाही. "मंग तिच्यात माणसं बसलीत का रिकामीच चाललीय?" वर्ग असा हसला की माझा तास बुडाला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या पानावर स्वतः तयार केलेली पाच गणितं माझ्या खोलीच्या दारातून आत सरकवली. पहिल्याच गणितात गाडी वाटेत दोन वेळा थांबत होती, आणि एक म्हातारी चुकीच्या थांब्यावर उतरत होती. ती गणितं मी वर्गात घेतली. पुढं दरवर्षी घेतली.

सगळ्यांनाच त्यांचं असलं वागणं सोसवायचं असं नाही. 'पाच मिनिटांत आलोच' असं कुणी फोनवर म्हटलं की ते घड्याळाकडे बघत आणि तो माणूस आल्यावर त्याला खरा वेळ सांगत. झरीला आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात सगळे खोळंबले होते, पंगत अडली होती, आणि वऱ्हाडाचा दर अर्ध्या तासानं फोन येत होता की आम्ही वेशीपाशी आलो. तिसरा फोन झाल्यावर सर मोटारसायकल काढून गेले. वेशीवर कुणी नव्हतं. पुढं गेले. वऱ्हाड परभणीतच एका हॉटेलात चहा पीत बसलेलं होतं. सर तसेच परत आले, मांडवातल्या माणसाच्या हातून माईक घेतला आणि सांगितलं की वऱ्हाडाला अजून दीड तास हाय, म्हातारे आणि लेकरं उपाशी बसवू नका, जेवून घ्या. लोक खरंच जेवायला बसले. वरपक्ष आला तेव्हा निम्मा मांडव हात धूत होता. त्यानंतर कितीतरी दिवस त्या बाजूची लग्नाची बोलावणी आमच्या घरी आली नाहीत. काकूंना त्याचं फार वाईट वाटलं. सरांना म्हणाल्या, तुमच्या घड्याळापायी मला चारचौघींत जाता येत नाही. सर ऐकून घेत होते आणि त्याच वेळी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते.

पण एक गोष्ट अशीही आहे. आठवीत एक मुलगी होती, शेतातल्या वस्तीवरून यायची. रोज प्रार्थनेला उशीर व्हायचा आणि रोज मुख्याध्यापक तिला फाटकाबाहेर उभी करायचे. सर एके दिवशी पहाटे उठून तिच्या वस्तीवर गेले आणि तिच्यामागून तिच्याच चालीनं शाळेपर्यंत आले. आधी तिनं विहिरीवरून चार खेपा पाणी आणलं, धाकट्या भावंडांना खाऊ घातलं, मग दप्तर उचललं. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं म्हणून लांबून फिरून आली. सर तिच्याबरोबर फाटकाशी उभे राहिले आणि मुख्याध्यापकांना म्हणाले, "ही उशिरा येत न्हाई. ही सगळ्यांच्या आधी निघते." त्या दिवसापासून तिला प्रार्थनेची माफी मिळाली.

मला त्यांच्याविषयी कुतूहल होतं, थोडा रागही होता. कुणाचा वेळ चुकला तर ह्यांना एवढं का झोंबावं, हे मात्र मला चुडाव्याला कळलं.

त्यांना एकच मुलगी, गोदावरी. सगळे तिला गोदा म्हणत. हैदराबादला नोकरीला होती, तिथंच लग्न होऊन राहिली होती. दिवाळीला ती नांदेडहून पॅसेंजरनं येणार होती, म्हणून आम्ही दोघं चुडाव्याच्या स्टेशनावर तिला घ्यायला गेलो होतो. लहानसं स्टेशन, दुपारची वेळ, फलाटावर आम्ही आणि शेंगा विकणारी एक बाई. गाडी तासभर उशिरा होती. सर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि मी त्यांच्याबरोबर चालत होतो. मी सहज विचारलं की सर, तुम्ही विमानात कधी बसलात का. ते म्हणाले, "एकदा." आणि चालता चालता सांगू लागले.

त्यांचा एक थोरला भाऊ होता, त्याला ते दादा म्हणत. वडिलांमागं मेंढ्या त्यानं सांभाळल्या आणि धाकट्याला शिकवलं. सरांच्या पायात पहिली चप्पल आली ती दादानं आणलेली. दादा पोटाच्या दुखण्यानं आजारी पडला आणि त्याला हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात ठेवलं. त्याच दिवसांत सरांना शिक्षकांच्या शिबिरासाठी दिल्लीला जावं लागलं. दादानंच त्यांना जा म्हणून सांगितलं होतं. तिथं तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला, की लवकर या. शिबिरातल्या कुणीतरी सांगितलं, रेल्वेनं जाऊ नका, विमानानं जा, दिल्ली ते हैदराबाद दोन तास. वहिनींनी फोन दादाच्या कानाला लावला आणि सरांनी सांगितलं, दादा, दोन तासात आलो बघ.

"दोन तास विमानाचे होते," सर मला म्हणाले. "माझे न्हवते."

शिबिराच्या जागेपासून विमानतळ लांब होतं. पहिल्या विमानात जागा नव्हती, दुसरं दुपारचं होतं. आयुष्यात कधी विमानतळ पाहिलेलं नव्हतं, कुठं उभं राहायचं ते कळत नव्हतं. हैदराबादला उतरल्यावर गावात यायलाच दीड तास गेला. सकाळी आठला फोन झाला होता. सर दवाखान्यात पोचले तेव्हा सात वाजत आले होते. दादा दुपारीच गेला होता.

भाऊ गेला, त्याचं दुःख ते बोलून दाखवत नव्हते. वहिनींनी नंतर जे सांगितलं तेच त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. दोन तास झाल्यावर दादानं स्वतःला उठवून बसवायला लावलं होतं, दाराकडं तोंड करून. डॉक्टर म्हणाले, आडवे व्हा, वहिनी म्हणाल्या, आडवे व्हा. तो म्हणाला, येईलच आता, दोन तास होऊन गेलेत. चार तास तो तसाच उशीला टेकून दाराकडं बघत बसला.

"मी अकरा तास लागतील म्हणून सांगितलं असतं," सर म्हणाले, "तर आडवा तर झाला असता. जरा झोपला असता."

 तेवढ्यात सिग्नल पडला आणि गाडी आली. गोदा पिशवी घेऊन उतरली, वाकून वडिलांच्या पाया पडली. त्यांनी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "साडेनऊ, अण्णा. दारातून फलाटापर्यंत." आणि माझ्याकडे बघून हसली.

त्याच्या दुसऱ्या वर्षी गोदाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, पण बाळ पोटात आडवं होतं म्हणून डॉक्टरांनी तिला प्रवास करू दिला नाही. ऑपरेशनचा दिवस ठरवून दिला. आदल्या दिवशी सर आणि काकूंनी हैदराबादला पोचायचं असं ठरलं. रेल्वेत जागा मिळत नव्हती. सरांनी शेजारच्याची जीप सांगितली. पण काकू अडून बसल्या. त्यांना गाडी लागायची, परभणीला जाऊन आल्या तरी दोन दिवस पडून राहायच्या. त्या वेळी नांदेडहून हैदराबादला विमान सुरू होतं. मधूनच बंद पडायचं, परत सुरू व्हायचं, पण तेव्हा सुरू होतं.

सरांनी वही काढली. खालून सात तास. वरून, म्हणजे नांदेडपर्यंतचा रस्ता, तिथली वाट बघणं, उड्डाण, उतरणं आणि तिथून दवाखान्यापर्यंत, सगळं धरून पावणेसात. "पंधरा मिनिटांसाठी आभाळात कामून जायचं?" असं त्यांनी विचारलं.

"तीस वर्षं खालूनच चाललेय तुमच्यासंगं," काकू म्हणाल्या. "एकदा मला वरून बघू द्या."

सर विमानात बसणार नव्हते, ते त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं. शिवाय तुपाचा डबा, डिंकाचे लाडू, बाळंतिणीसाठीचं बाकीचं सामान होतं, ते जीपमधूनच न्यायला लागणार होतं. मग असं ठरलं की सरांनी जीपनं जायचं आणि काकूंनी माझ्याबरोबर विमानानं. शाळेला सुटी होती, आणि मी आयुष्यात एकदा विमानात बसलो होतो, तेवढ्या भांडवलावर मला सोबत म्हणून निवडलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी सरांनी गोदाला फोन करून दोन वेळा सांगितल्या. आई पावणेएकला येईल, मी एकला.

सकाळी सहाला आम्ही तिघं एकाच जीपमधून निघालो, कारण हैदराबादचा रस्ताही नांदेडवरूनच जातो. साडेसातला त्यांनी आम्हाला विमानतळावर सोडलं. काकूंची पिशवी माझ्या हातात देताना मला बजावलं की विमान उतरलं की फोन करू नका, दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की करा. मग जीप देगलूरच्या रस्त्याला लागली.

विमान वेळेवर सुटलं. काकू खिडकीशी बसल्या होत्या. सुरुवातीला त्यांनी डोळे मिटून घेतले होते, मग एक उघडला, मग दोन्ही. खाली नदी दिसली तेव्हा त्यांनी मला विचारलं, ही गोदावरी का. मी हो म्हटलं. त्या बराच वेळ कपाळ काचेला लावून बघत होत्या. "एवढं जवळजवळ हाय होय सगळं," एवढंच म्हणाल्या.

हैदराबादला उतरून टॅक्सीत बसतोय तोच जावयाचा फोन आला. बाळाचे ठोके कमी झाले होते. ऑपरेशन उद्या नाही, आत्ताच करायचं होतं. त्यानंतरचा रस्ता मला नीट आठवत नाही. काकू पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि प्रत्येक सिग्नलला टॅक्सीवाल्याकडे बघत होत्या. आम्ही दवाखान्यात शिरलो तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती.

गोदाला ऑपरेशनच्या खोलीबाहेर ट्रॉलीवर आणून ठेवलं होतं. जावई कागदांवर सह्या करायला गेला होता. ती थरथरत होती, दात वाजत होते. आईचा हात तिनं घट्ट धरला. नर्सनं सांगितलं, दोन मिनिटं.

"अण्णा कुठंत?" तिनं विचारलं.

काकूंनी फोन लावला आणि स्पीकर चालू करून तिच्या तोंडाशी धरला. सरांनी उचलला. मागे कसला तरी गलका होता आणि सर धापा टाकत होते.

"अण्णा, मला आत न्यायलेत. तुमाला किती वेळ लागंल?"

 मी आपला उत्तराची वाट बघत होतो. ते आकडा सांगणार, हे मला ठाऊक होतं. चार वर्षांत मी त्यांना कुणालाही पाच मिनिटं कमी करून सांगताना ऐकलं नव्हतं.

"आलो की," सर म्हणाले. "जिना चढायलोय. तू जा आत. मी दारातच हाय बघ."

गोदानं डोळे मिटून मान हलवली. तिनं आईचा हात सोडला आणि नर्सनं ट्रॉली आत नेली.

काकू जिन्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी जिन्यापाशी गेलो. कुणी नव्हतं. एक मजला उतरलो, दुसरा उतरलो, फाटकापर्यंत गेलो. मग मी त्यांना फोन लावला आणि विचारलं, सर, किती लागतील.

"तीन तास," ते म्हणाले. "जास्तच." मग आवाज खाली आला. "तिला सांगू नका."

तेलंगणात शिरल्यावर जोगीपेटच्या अलीकडे एक टँकर उलटला होता. गाड्यांची रांग हलत नव्हती. अर्धा तास जीपमध्ये काढून सर खाली उतरले आणि रांगेच्या कडेनं चालत सुटले. सामान ड्रायव्हरपाशी जीपमध्येच राहिलं. गोदाचा फोन आला तेव्हा ते उन्हात, ट्रकांच्या मधून चालत होते. चालण्यामुळं लागलेली ती धाप आम्हाला जिन्याची वाटली होती.

मी वर येऊन काकूंना सांगितलं. त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "मेलो तरी खोटा टाइम सांगणार न्हाई, असं म्हणलेले मला."

दीडच्या सुमाराला मुलगी झाली. बाळ रडलं, दोघीही ठीक होत्या. मी सरांना फोन करत होतो, पण त्यांचा फोन बंद पडला होता. त्यामुळं ते पोचेपर्यंत त्यांना काहीच माहीत नव्हतं. सहा-सात किलोमीटर चालल्यावर त्यांना कुणीतरी मोटारसायकलवर घेतलं, संगारेड्डीला सोडलं, तिथून ते बसनं आले. चार वाजून गेल्यावर जिन्यात त्यांचं डोकं दिसलं. गुडघ्यापर्यंत धूळ, ओठ सुकलेले. मी वरूनच ओरडून सांगितलं की मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ते होते तिथंच, कठड्याला धरून थांबले.

वर आले तरी आत जाईनात. काकू म्हणाल्या, चला, जागी झालीय. सर दाराबाहेर भिंतीशी उभे होते.

"काय तोंडानं जाऊ?" ते मला म्हणाले. "तिला आत नेताना मी खोटं बोललो. काही भलतं झालं असतं, तर माझं तिच्याशी शेवटचं बोलणं तेच राहिलं असतं."

काकूंनी त्यांचा दंड धरला आणि त्यांना आत नेलं. मी दारात थांबलो. गोदा निजलेली होती, चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे उघडे होते. बाळ बाजूच्या पाळण्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. सरांनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले आणि वर्गात उभा केलेला पोरगा सांगतो तसं सांगून मोकळे झाले, की गोदा, मी जिन्यात नव्हतो, मी जोगीपेटजवळ रस्त्यावर होतो, तीन तास लांब.

"माहीत हाय मला," गोदा म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "दवाखान्याच्या जिन्यात ट्रकचे हॉर्न वाजत न्हाईत, अण्णा."

सर पलंगाच्या दांड्यावर वाकले.

"मंग आत कशी गेलीस?"

"तुमी खोटा टाइम सांगितला, तवाच कळलं मला, तुमी माझ्यापेक्षा जास्त भ्यायलात. म्हणलं, दोघांनी भिऊन कसं व्हायचं."

काकू पदरानं तोंड पुसत खिडकीकडं वळल्या. सर पलंगाला वळसा घालून तिच्या उशाशी आले. तिच्या कपाळावर घामानं चिकटलेले केस त्यांनी मागं सारले, आणि त्यांचा हात बराच वेळ तिथंच राहिला.